गॅलरीतील लिंबाला फुले का येत नाहीत?

मुंबईत हौसेने लावलेल्या कागदी लिंबाबद्दल एक तक्रार वारंवार ऐकू येते. झाड हिरवेगार आहे, पालवी सतत फुटते, पान चुरगाळले की वासही येतो, पण फूल काही धरत नाही. मग खत बदलले जाते, कुंडी बदलली जाते आणि पाणी आणखी मायेने घातले जाते. झाडाला पुरेसे ऊन मिळत असेल, तर बहुतेक वेळा अडचण त्या पाण्यातच असते.

लिंबूवर्गीय झाडांचे मूळ आग्नेय हिमालयाच्या पायथ्याशी, म्हणजे आसामपासून उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनानपर्यंतच्या पट्ट्यात असल्याचे २०१८ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. कागदी लिंबू हा पुढे महाळुंग आणि फिलिपाइन्सकडील एका रानटी जातीच्या संकरातून झाला. या कुळातील झाडांना फुलण्याचा इशारा दोन गोष्टींतून मिळतो: थंडी किंवा पाण्याचा तुटवडा. यांपैकी एक वाट्याला आली की शेंड्यांची वाढ थांबते, फुलोरा रोखून धरणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाचा प्रभाव ओसरतो आणि फुलोऱ्याचा संदेश देणारे जनुक पानांमध्ये सक्रिय होते. हा संदेश मिळालेल्या डोळ्यांतून, म्हणजे फांदीवरील सुप्त अंकुरांतून, पाणी पुन्हा मिळताच नुसती पालवी न येता कळ्या फुटतात. मुंबईच्या हिवाळ्यात खऱ्या गारव्याच्या रात्री मोजक्याच असतात. त्यामुळे पहिला इशारा येथे फार दुबळा पडतो, आणि रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालून दुसरा आपण स्वतःच पुसून टाकतो.

विदर्भातील संत्रा बागायतदार ही गोष्ट पिढ्यानपिढ्या ओळखून आहेत. पाणी तोडून झाडाला विश्रांती देण्याला ते 'ताण देणे' म्हणतात आणि फुलोऱ्याच्या हंगामानुसार आंबिया, मृग व हस्त असे तीन बहार मानतात. गॅलरीत हेच करता येते, मात्र वेळेचे गणित पार वेगळे असते. भारी जमिनीतील बागेला महिनाभराहूनही अधिक ताण द्यावा लागतो, तर कुंडीतील मूठभर मातीत तीच अवस्था काही दिवसांतच येते. म्हणून कॅलेंडरकडे न पाहता पानांकडे पाहावे. सुरुवातीला पाने दुपारी किंचित मिटतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात; हा अजून ताण नव्हे. पुढे त्यांची चकाकी जाते, कडा आत वळून पान होडीसारखे होते आणि संध्याकाळीही सरळ होत नाही, काही जुनी पाने पिवळी पडून गळतात. येथे थांबावे. पाणी एकदम न ओतता दोन-तीन दिवसांत वाढवत न्यावे आणि सोबत कुजलेले शेणखत द्यावे. तीन-चार आठवड्यांत पालवीच्या बगलेत जांभळट छटेच्या कळ्या दिसू लागतात. फुले उमलल्यानंतर मात्र पाण्याची हेळसांड अजिबात चालत नाही, कारण तेव्हा बसलेला ताण कोवळी फळे गाळतो. थोडी फळगळ पाणी नियमित असतानाही होतेच. झाड पेलवतील तेवढीच फळे ठेवते. ज्याचा सांगाडा अजून तयार व्हायचा आहे, अशा दोन-तीन वर्षांच्या आतील कलमाला ताण देऊच नये.

मुंबईसाठी नोव्हेंबरचा उत्तरार्ध ताणाला सर्वांत सोयीचा, असे माझे मत आहे. आकाश निरभ्र असते, अवचित सर येण्याची भीती नसते, आणि लिंबाला फुलापासून तयार फळापर्यंत साधारण पाच-सहा महिने लागत असल्याने फळे ऐन उन्हाळ्यात हाती येतात. मृगाच्या पावसावर येणारा बहार आपोआप धरतो खरा, पण त्याची बरीचशी फुले जुलैच्या झोडपणाऱ्या सरींत गळून जातात.

पावसाळ्यातील प्रश्न नेमका उलटा असतो. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. लिंबाच्या मुळांवर केशमुळे फार विरळ असतात, त्यामुळे पाणी व स्फुरद (फॉस्फरस) शोषताना ती मातीतील सहजीवी बुरशीच्या तंतूंवर बरीच विसंबून असतात, आणि या दोघांनाही हवा लागते. माती चिंब राहिली की मुळे गुदमरतात आणि साचलेल्या पाण्यात ज्याचे बीजाणू अक्षरशः पोहत जातात असा फायटोफ्थोरा हा रोगकारक त्यांना गाठतो. खोडाच्या बुंध्याशी डिंक पाझरू लागला, तर तो या रोगाचा, म्हणजे डिंक्याचा, ठळक इशारा समजावा.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची पद्धत घरोघरी आहे, पण तिने लाभ होत नाही. बारीक मातीच्या कणांमधील केशाकर्षण पाणी धरून ठेवते, आणि वरची माती तळाशी पूर्ण संपृक्त होईपर्यंत ते खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरतच नाही. म्हणजे कुंडीच्या तळाशी असणारा चिखलाचा थर विटांमुळे वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. त्याऐवजी नर्सरीतील लाल मातीतच जाड वाळू, कोकोपीट आणि शेणखत भरपूर मिसळावे, भोकांवर केवळ खापरीचा एक तुकडा ठेवावा, खालची ताटली पावसाळ्यात काढून टाकावी आणि कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी. वाळू चौपाटीवरची किंवा खाडीतली नसावी. लिंबूवर्गीय झाडांना क्षार सोसत नाहीत.

पावसाच्या झडीबरोबर खैऱ्या रोगही पसरतो. पानांवर व फळांवर तपकिरी, खरबरीत फोड उठतात आणि पानावरील फोडाभोवती पिवळे वलय दिसते. या रोगाचा जिवाणू जखमेतून सहज आत शिरतो, आणि कोवळ्या पानांत चंदेरी नागमोडी बोगदे करणारी नागअळी त्याला ती तयार करून देते. म्हणून पावसाळ्यातील पालवी रोज न्याहाळावी, पोखरलेली पाने काढावीत आणि छाटणी कोरड्या दिवशीच करावी. कागदी लिंबू या रोगाला फार लवकर बळी पडते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा साई सरबती हा वाण त्या मानाने सहनशील आहे.

फळ तोडण्याची मात्र घाई करू नये. केळी-आंब्याप्रमाणे लिंबू आढीत पिकत नाही; तोडल्यावर सालीचा रंग बदलला, तरी आतला रस वाढत नाही. उकाड्यात साल पुष्कळदा हिरवीच राहते, म्हणून रंगावर न जाता सालीचा खडबडीतपणा कमी होऊन ती गुळगुळीत व पातळ भासू लागली आणि बोटांनी दाबल्यावर फळ किंचित मऊ लागले, की देठाचा लहानसा तुकडा ठेवून ते कात्रीने कापावे.