दोन शाखांचे फोन जोडायला ‘जाड’ लाईन लागते?

पुण्याचं ऑफिस आणि नागपूरची शाखा इंटरनेटवरून जोडली, आवाज तुटू लागला, की सल्ला ठरलेला: लाईनचा स्पीड वाढवा. हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. गणित मात्र वेगळंच सांगतं.

जी.७११ कोडेकमध्ये (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीत) आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. आवाज छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जातो; दर २० मिलिसेकंदांच्या पॅकेटवर ४० बाइटचे हेडर (पत्ता वगैरे माहिती) चढले की ८० होतात. म्हणजे एकाच वेळी दहा कॉल चालले, तरी एका दिशेला १ एमबीपीएससुद्धा भरत नाही. आवाज जास्त दाबणारं जी.७२९ कोडेक वापरलं तर एका कॉलला २४ किलोबिट. गंमत म्हणजे त्यातला आवाज फक्त ८, उरलेले १६ हेडरच खातात! म्हणूनच अ‍ॅस्टेरिस्क या टेलिफोन एक्स्चेंज सॉफ्टवेअरच्या आयएएक्स२ ट्रंकमध्ये (दोन एक्स्चेंज जोडणाऱ्या दुव्यात) अनेक कॉलचा आवाज एकाच पॅकेटमधून पाठवायची सोय आहे.

मग आवाज का तुटतो? बहुतेकदा उशीर, पॅकेटं येण्यातलं कमीजास्त अंतर आणि वाटेत हरवणारी पॅकेटं यांमुळे. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस सांगते. कुणीतरी बॅकअप अपलोडला लावतो, राउटरमध्ये रांग लागते आणि आवाजाची पॅकेटं तिच्यात अडकतात. राउटरवर अपलोडचा वेग लाईनच्या क्षमतेपेक्षा थोडा खाली बांधून आवाजाला प्राधान्य द्या, दोन्ही शाखांत. आवाज एकाच बाजूने येत असेल, तर दोष बहुधा नॅटचा (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणाऱ्या सोयीचा) किंवा राउटरमधल्या एसआयपी एएलजीचा (इंटरनेट कॉलच्या संदेशांत फेरफार करणाऱ्या सोयीचा) असतो. तिथे स्पीडचा काही संबंधच नाही.