नाचणीला मोड का आणायचे?

लेक सात महिन्यांची झाली आणि घरात येणारा प्रत्येक जण एकच सांगायला लागला, "पातळच दे गं, पचायला हलकं." मीही आठवडाभर पाण्यासारखी पेज भरवली. मग एकदा नीट हिशोब केला आणि डोक्याला हात लावला.

बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे ८ किलोच्या बाळाला २४० मिली, त्यात दूधही आलंच. सहा ते आठ महिन्यांत अंगावरच्या दुधाशिवाय वरच्या खाण्यातून दिवसाला २०० कॅलरी लागतात. १५० मिली पाण्यात १० ग्रॅम पीठ घातलं तर जेमतेम ३५ कॅलरी! म्हणजे अशा सहा वाट्या पाजायच्या, आणि पोट भरणार ते पाण्यानं.

बरं मग पीठ तिप्पट घालावं तर त्याचा गोळा होतो, कारण पिठातले स्टार्चचे कण गरम पाण्यात पाणी पिऊन टम्म फुगतात आणि त्यातल्या ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या ताटातल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंततात. इथे मोडाचं पीठ कामाला येतं, आणि हे मला भयंकर आवडतं. दाणा भिजला की आतला अंकुर जिबरेलिन नावाचं हार्मोन सोडतो, त्या निरोपावर दाण्याचा बाहेरचा थर अल्फा-अमायलेज हे एन्झाइम बनवतो, कारण अंकुराला साठवलेला स्टार्च तोडून खायचा असतो. हे एन्झाइम साखळी टोकापासून कुरतडत बसत नाही, मधेच कुठेही कापतं. त्यामुळे थोड्याच कापांत साखळ्या आखूड होतात, गुंता सुटतो, घट्टपणा जातो आणि कॅलरी मात्र तेवढ्याच राहतात.

मी करून बघितलं. ३० ग्रॅम पिठाची चमचा उभा राहील अशी खीर शिजवली, हाताला सोसेल इतकी कोमट केली आणि मोडाच्या नाचणीचं कच्चं पीठ अर्धा चमचा घालून ढवळत राहिले. काही मिनिटांत चमच्यावरून धार लागली!! मग परत उकळी आणली, हे विसरायचं नाही, कारण ओलाव्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात. उकळल्यावर एन्झाइम मरतं, पण तोवर त्याचं काम झालेलं असतं. वरून चमचाभर तूप, म्हणजे आणखी ४५ कॅलरी. मोडाचं पीठ आधीच खरपूस भाजलं तर ही जादू होत नाही, उष्णतेनं एन्झाइम आधीच गेलेलं असतं. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात पोषणतज्ज्ञ तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात यावरच काम केलं होतं, आणि आपण 'ब्रेन बूस्टर' लिहिलेले महागडे डबे शोधत फिरतो.

अजून एक, नाचणी वाटून फडक्यातून गाळून खाली बसलेला साका वाळवतात ते सत्त्व दिसायला छान पांढरं असतं, पण नाचणीतलं कॅल्शियम (१०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम) बरंचसं सालीत असतं आणि साल तर आपण टाकून देतो. त्यापेक्षा मोड आणून, वाळवून, बारीक दळून चाळलेलं पीठ बरं. आणि "आमच्या वेळी सगळ्यांना चाटवलाय" म्हणत कोणी मधाचं बोट पुढे केलं तर सरळ नाही म्हणा. मधात बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात, मग मध कितीही शुद्ध असो.

काल लेकीनं अर्धी वाटी खाल्ली, उरलेली माझ्या कुर्त्यावर. तो डाग काढणाऱ्या धुण्याच्या पावडरीतही बऱ्याचदा अमायलेजच घातलेलं असतं.