हजार बिड्या आणि ७९ आकडे

जून महिन्यात सोलापुरात एखाद्या युनिफॉर्मच्या दुकानात नुसतं उभं राहून बघा. बाहेरच्यांना आमचं गाव चादरीमुळे माहितीय, पण शाळेचे युनिफॉर्म शिवायचा धंदाही इथे मोठा आहे. तर मी भाच्याला घेऊन गेलो होतो, दुकानातल्या मामांनी पोराकडे एक नजर टाकली, टेप गळ्यातच राहिली, आणि मागे हाक मारली, "बत्तीस काढ बे, बाही लांबवाला." घातला तर बरोब्बर बसला. मी सहज विचारलं, मामा तुमचा मीडियमच सगळ्यात जास्त खपत असेल ना? तर म्हणाले, "मीडियम कुणालाच बसत नाय ओ. खांदा बसला की पोट येतंय, पोट बसलं की बाही वर जातीय."

मामांना माहीत नसेल, पण हीच गोष्ट अमेरिकन एअर फोर्सला कळायला हजारो पायलटांची मापं घ्यावी लागली होती. कॉकपिट सरासरी मापाचं बनवायचं की नाही असा प्रश्न होता. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने ४०६३ पायलटांची १० मापं घेतली, उंची, छाती, हाताची लांबी वगैरे, आणि प्रत्येक मापात मधले साधारण ३० टक्के लोक म्हणजे 'सरासरी' असं धरलं. मग दहाच्या दहा मापांत सरासरी असलेले किती ते मोजलं. एकही नाही! ४०६३ पैकी शून्य. १९५२ मध्ये त्याचा रिपोर्ट आला आणि पुढे सीट, पट्टे, पेडल हे सगळं पुढेमागे सरकवता येईल असं करायची पद्धत आली.

आता शरीराचं जर असं असेल तर डोक्याचं आणि हातांचं काय. 'सामान्य माणसापेक्षा तुम्हाला वेगळं ठरवणारी दहा कौशल्यं' असल्या याद्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येतात, त्यात आत्मविश्वास असतो, संवादकौशल्य असतं, टाइम मॅनेजमेंट तर असतंच असतं. मला त्या याद्यांचा राग नाही पण त्यात एक गृहीत धरलेलं असतं की कौशल्य म्हणजे डोक्यात भरून ठेवलेलं पेट्रोल आहे, एकदा भरलं की गाडी कुठेही न्या. गेल्या शंभर वर्षांत ज्यांनी कौशल्य या गोष्टीचा खरोखर अभ्यास केलाय त्यांना मात्र जवळजवळ उलटंच दिसत आलंय.

आमच्या शेजारी, सोलापूरच्या पूर्व भागात, एक तेलुगू अक्का राहतात. बिड्या वळतात, लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे तीसेक वर्षं झाली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवून ओलसर केलेली तेंदूची पानं. पत्र्याच्या मापाने कात्रीने पान कापायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार बिड्यांवर ठरते. आता साधा हिशोब करा, आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद, हजार बिड्या करायच्या तर एकीला २९ सेकंदसुद्धा मिळत नाहीत, आणि त्यातच पान कापणं आलं, पाणी प्यायला उठणं आलं, शेजारणीशी बोलणं आलं. मी एकदा हौसेने बसलो होतो, अर्ध्या तासात चार झाल्या, त्यातल्या दोन अक्कांनी काही न बोलता सोडवून तंबाखू परत सुपात टाकली. दिवसाला आठशे आणि वर्षाला अडीचशे दिवस धरले तरी तीस वर्षांत साठ लाख बिड्या होतात. साठ लाख वेळा तेच एक काम केल्यावर माणसाचं काय होतं?

याच्या अगदी जवळचा अभ्यास खरंच झालेला आहे. एडवर्ड क्रॉसमन या ब्रिटिश संशोधकाने १९५९ मध्ये मशीनवर सिगार बनवणाऱ्या कामगारांचा वेग तपासला. काही नवीन होते, काहींनी लाखो सिगार केलेले. सगळ्यांना वाटेल की सहा महिन्यांत हात बसतो आणि मग वेग तिथेच राहतो, पण तसं नव्हतं, लाखो सिगार झाल्यावरही प्रत्येक सिगारला लागणारा वेळ कमीच होत होता, आणि थांबला तो कुठे तर जिथे मशीनचीच मर्यादा आली तिथे. यात एक गंमत अशी की सुधारणा ही आकड्यांच्या दुपटीवर चालते. हजाराचे दोन हजार होताना वेळ जितक्या टक्क्यांनी कमी होतो, साधारण तितक्याच टक्क्यांनी तो पुन्हा कमी व्हायला लाखाचे दोन लाख करावे लागतात. म्हणून सुरुवातीला रोज फरक दिसतो, नंतर महिनोन्महिने काहीच हलत नाही असं वाटतं, आणि बहुतेक लोक नेमके तिथेच सोडून देतात. गिटार क्लासची फी भरून तिसऱ्या महिन्यात गायब होणारे आम्ही सगळे त्यातलेच.

पण नुसता वेग म्हणजे सगळं नाही. माझी सगळ्यात आवडती गोष्ट पुढची आहे.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत एक विद्यार्थी होता, कागदोपत्री त्याचं नाव फक्त एस. एफ. अगदी सर्वसाधारण स्मरणशक्ती. सेकंदाला एक असे आकडे वाचून दाखवले तर सातेक आकडे लक्षात राहायचे, तुमचे माझे राहतात तितकेच. अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस यांनी त्याला आठवड्यातून तीन ते पाच दिवस, रोज तासभर, नुसते आकडे ऐकवले. साधारण दीड वर्ष, २३० तास. शेवटी तो गडी ७९ आकडे एकदा ऐकून जसेच्या तसे म्हणायला लागला. १९८० मध्ये हे छापून आलं. आता याची मेमरी वाढली असं कुणीही म्हणेल, पण खरं काय झालं ते बघा. एस. एफ. लांब पल्ल्याचा धावपटू होता. ३, ४, ९, २ असं ऐकलं की तो चार आकडे लक्षात ठेवतच नव्हता, तो लक्षात ठेवायचा '३ मिनिटं ४९.२ सेकंद, मैलाच्या जागतिक विक्रमाच्या जवळचा टाइम'. चार वस्तूंची एक वस्तू झाली. जे टाइममध्ये बसत नाहीत ते आकडे कुणाचं तरी वय म्हणून ठेवायचे. मग अशा गठ्ठ्यांचे गठ्ठे. आणि मग त्या संशोधकांनी एकदा आकड्यांच्या जागी अक्षरं वाचून दाखवली, तर हा ७९ वाला माणूस किती अक्षरं म्हणाला? सहाच्या आसपास. दीड वर्षाची मेहनत अक्षरांच्या दारात पाऊल टाकल्याबरोबर शून्य.

बुद्धिबळातही हेच. त्याच विल्यम चेस यांनी आणि हर्बर्ट सायमन (सायमन यांना पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी १९७३ मध्ये दाखवलं की खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला तर मास्टर बहुतेक सोंगट्या बरोबर मांडतो, पण त्याच सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या तर तो नवख्याच्या जवळपास येतो. त्याला सोंगट्या दिसत नसतात, त्याला 'हा असा किल्ला, इथून असा हल्ला' हे दिसतं. युनिफॉर्मवाल्या मामांना पोरगं दिसत नाही, बत्तीस दिसतो.

लंडनच्या टॅक्सीवाल्यांची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. त्यांना लायसन्स हवं तर सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, वर्षानुवर्षं अभ्यास चालतो. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं की या ड्रायव्हरांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा जो भाग असतो, जो वाटा आणि जागा लक्षात ठेवायच्या कामाचा आहे, त्याचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. मग कुणीतरी म्हणणारच की मुळात मोठा होता म्हणून ते टॅक्सीवाले झाले. तर २०११ मध्ये त्यांनी शिकाऊ लोकांचे मेंदू आधी आणि नंतर असे स्कॅन केले. जे परीक्षा पास झाले त्यांचा तो भाग वाढला, जे नापास झाले किंवा सोडून गेले त्यांचा नाही. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं सहसा कुणी सांगत नाही, की पास झालेल्यांना एक गुंतागुंतीची आकृती बघून थोड्या वेळाने आठवून काढायला दिली तेव्हा ते इतरांपेक्षा कमी पडले. एका गोष्टीत पुढे जायची किंमत दुसरीकडे मोजावी लागली असं दिसतंय.

आणि हे असं बांधलेलं असणं किती पक्कं असतं ते बघायला लंडनला जायचीही गरज नाही. लक्ष्मी मंडईत आईबरोबर भाजी विकायला बसलेलं दहा वर्षांचं पोर "अडीच किलो वांगी, पावणेदोन किलो टमाटे, पन्नास सुटे द्या" हा हिशोब तुम्ही मोबाइल काढेपर्यंत सांगून मोकळं होतं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या अशाच मुलांना तपासलं, २०२५ मध्ये तो अभ्यास 'नेचर'मध्ये आला. बाजारातला किचकट हिशोब तोंडी आणि बरोबर, पण तीच वजाबाकी, तोच भागाकार शाळेच्या पद्धतीने कागदावर दिला की ही मुलं अडखळली. आणि शाळेत जाणारी, कागदावर चांगली असलेली मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळली! दोन्हीकडे गणित एकच, पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं दार कुणी दाखवलेलंच नाही. याच्याही आधी, १९८५ मध्ये, ब्राझीलमध्ये रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचं असंच निघालं होतं, रस्त्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर, आणि नुसत्या मांडलेल्या आकडेमोडीत ३७ टक्के. अशा पोराला मास्तर 'ढ' म्हणतात तेव्हा नक्की काय मोजलं जातं कुणास ठाऊक.

आता १०,००० तासांचं. हा आकडा इतका फिरलाय की लोक त्याला निसर्गनियम समजतात. मूळ अभ्यास १९९३ चा, एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा, बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवरचा. सगळ्यात चांगल्या गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा रियाज सरासरी १०,००० तासांच्या घरात होता, बस, सरासरी, म्हणजे त्यातले कितीतरी जण त्याच्या खालीच होते. (सरासरीवर विश्वास ठेवू नका हे मामांनी सांगितलंच होतं.) २०१४ मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी असे बरेच अभ्यास एकत्र केले तेव्हा लोकांमधल्या फरकापैकी सरावाने समजावता आला तो भाग असा निघाला: बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८, आणि शिक्षणात फक्त ४. म्हणजे सराव पाहिजेच, पण उरलेलं बरंच काही दुसरीकडून येतं, कधी सुरू केलं, कुणी शिकवलं, घरात काय होतं, आणि हो, जन्मजातही. चेहरे ओळखण्याचंच घ्या. काही लोक लग्नात वीस वर्षांपूर्वी एकदाच भेटलेल्या माणसाला नावानिशी हाक मारतात, अशा लोकांना २००९ पासून संशोधक सुपर रेकग्नायझर म्हणतात, आणि जुळ्यांवरच्या अभ्यासात हे बऱ्यापैकी आनुवंशिक निघालंय. माझ्यासारख्याने कितीही रियाज केला तरी "ओळखलं का?" या प्रश्नाला घाम फुटायचा तो फुटणारच.

मला खरी गंमत वाटते ती याच्या पुढच्या गोष्टीची. १९८१ मध्ये ओला स्वेन्सन यांनी विचारलं की गाडी चालवण्यात तुम्ही इतरांच्या तुलनेत कुठे बसता, तर अमेरिकेतल्या ९३ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या निम्म्यात टाकलं. निम्म्यात ९३ टक्के! स्वीडनमध्ये ६९. आमच्या सात रस्त्यावर विचारलं तर शंभराच्या खाली यायचं नाही, उलट सायडने घुसणारा दोनदा मत देईल. आणि याच्या उलट अक्का. ज्या माणसाने एक काम साठ लाख वेळा केलंय, ज्याच्या बोटांना पानाचा ओलावा कळतो, त्याला विचारा तुमच्यात वेगळं काय आहे, तर उत्तर येतं, "काय नाय ओ, आम्ही अडाणी लोक." जिथे आपण सर्वसाधारण आहोत तिथे छाती फुगवायची आणि जिथे खरंच हजारात एक आहोत तिथे 'त्यात काय' म्हणायचं. हा नुसता विनय नाही असं मला वाटतं. हात पक्का बसला की ते काम जाणिवेच्या खाली जातं, करणाऱ्यालाच दिसेनासं होतं, आणि जे दिसत नाही त्याचा भाव कोण सांगणार. (भाव न मिळायची कारणं अर्थात दुसरीही आहेत. हजारावर ठरलेली मजुरी आणि नाकातोंडात जाणारी तंबाखूची धूळ यांना मानसशास्त्राचं नाव देऊन चालणार नाही.)

जाणिवेच्या खाली जातं हे मी मनाने म्हणत नाही. शान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फुटबॉलवाल्यांना खुंट्यांमधून बॉल नेत पळायला सांगितलं आणि अट घातली की आत्ता पायाचा कुठला भाग बॉलला लागला तिकडे लक्ष ठेवायचं. नवखे बरे खेळले. मुरलेले खेळाडू उजव्या पायाने बिघडले. पण त्याच मुरलेल्यांना डाव्या, कच्च्या पायाने खेळायला लावलं तर लक्ष ठेवल्याने त्यांचाही खेळ सुधारला. म्हणजे एकाच माणसाचा एक पाय उस्ताद आणि दुसरा शिकाऊ.

हे वाचून मी संध्याकाळी अक्कांच्या दारात जाऊन बसलो. म्हटलं, अक्का, तंबाखू टाकल्यावर पहिल्यांदा कुठलं बोट वळतं, अंगठा की हे? त्या बंडलासाठी तेलुगूत मोजत होत्या, ओकटी, रेंडू, मूडू, बोलायच्या मराठीत पण मोजायच्या कायम तेलुगूत. थांबल्या. बोटांकडे बघितलं. एक वळली, हळू, परत बघत बघत दुसरी वळायला घेतली तर पान चिरलं. मग ते पान बाजूला फेकलं, सूप मांडीवर सरळ केलं आणि म्हणाल्या, "तू बोलू नको रे बाळा, मोजलेलं पण इसरलं बघ."