ताम्हिणीच्या पावसात बेडूक शोधताना

जुलैतल्या एका शनिवारी संध्याकाळी चांदणी चौकातून निघालो तेव्हा पुण्यात नुसती भुरभुर होती. पौड मागे पडलं तसे वायपर लावावे लागले. मुळशी सोडून ताम्हिणीच्या वाटेला लागलो, तर पुढच्या गाडीचे लाल दिवेही धुक्यात विरून गेले. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस होतो. घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट कोसळतो, आंबोलीत तर ७,००० मिलिमीटरच्या आसपास. दोन तासांच्या आत माणूस एका हवामानातून दुसऱ्या हवामानात शिरतो, आणि या दुसऱ्या हवामानात सह्याद्रीचे बेडूक राहतात.

काटेकोर बोलायचं तर ताम्हिणीचं रान बारमाही ओलं वर्षावन नव्हे. अंजनी, जांभूळ, पिसा अशा झाडांचं ते निमसदाहरित जंगल आहे आणि इथला जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत आटोपतो. पण त्या चार महिन्यांत पायाखालचा पाचोळा, खडकाची भिंत, झाडाच्या सालीवरचं शेवाळ सगळं पाण्यानं तुडुंब असतं. बेडकाला एवढंच हवं असतं.

बरोबर अकरावीतली भाची होती आणि गावातले एक मामा. आयुष्य या रानात गेलेला माणूस. ताम्हिणीला २०१३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्यामुळे रात्री आत जायला वनखात्याची परवानगी लागते. ती न काढता आत शिरू नये. आम्ही गावाच्या हद्दीतल्या ओढ्याकाठीच राहायचं ठरवलं होतं, आणि रात्रभरात जेमतेम दोनशे मीटर चाललो.

पहिल्या वीस मिनिटांत काहीच दिसलं नाही. भाची बॅटरीचा झोत झाडांवर भराभरा फिरवत होती. मामा म्हणाले, "ताई, पोरीला सांगा, बॅटरी हातात नको, डोळ्यापाशी धर." तिनं बॅटरी कपाळाला लावली आणि समोरचं रान एकदम चमचमायला लागलं.

यामागचं कारण साधं आहे. बऱ्याच निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत शिरलेला प्रकाश आला त्याच दिशेनं परत फिरतो. बॅटरी कमरेपाशी असेल तर तो कमरेपाशी परत जातो, डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. जमिनीवरचे हिऱ्याच्या कणीसारखे टोकदार ठिपके बहुधा कोळ्यांचे डोळे असतात. बेडकांची चमक त्यापेक्षा मंद आणि मोठी. हा फरक ओळखू यायला दोन-तीन रात्री जातात, पण एकदा डोळा बसला की ओढ्याकाठच्या एका दगडावर पाच-सहा बेडूक मोजता येतात.

बेडूक कुठे सापडेल हे त्याच्या कातडीवरून ठरतं. बहुतेक बेडकांच्या कातडीतून पाणी जवळजवळ उघड्या भांड्यातल्या पाण्याइतकंच सहज उडून जातं. श्वासाचा मोठा भागही तो कातडीतूनच घेतो आणि पाणी तोंडानं न पिता पोटाच्या खालच्या पातळ कातडीतून शोषून घेतो. ओल हीच त्याची हद्द. म्हणून वारा सुटलेल्या कड्यावर बेडूक शोधण्यात अर्थ नसतो. दगडाची सावलीतली बाजू, कुजका ओंडका, पाणी झिरपणारा खडक इथे पाहायचं.

सरपटणाऱ्या प्राण्यांचं गणित उलट आहे. खवल्यांमुळे त्यांच्या अंगातलं पाणी टिकून राहतं, पण ऊब बाहेरून मिळवावी लागते. दिवसा ऊन खाणारा सरडा आणि हरणटोळ साप पानांत असे मिसळतात, की हातभर अंतरावर असूनही नजरेतून सुटतात. रात्री मात्र ते बारीक फांद्यांच्या अगदी टोकाला झोपतात. शत्रू फांदीवर चढला की फांदी हलते आणि झोपमोड होते, ही त्यांची राखण. त्यात रात्री त्यांचं अंग बॅटरीच्या उजेडात फिकट, जवळजवळ पांढुरकं दिसतं. म्हणून दिवसाचे प्राणी रात्री शोधावेत. आम्हाला करवंदीच्या जाळीवर, जमिनीपासून चार फुटांवर, गुंडाळी करून झोपलेला हरणटोळ दिसला. पूर्वी ज्याला सरसकट एकच जात समजत, त्याच्या २०२०च्या अभ्यासात जनुकांच्या आणि शरीररचनेच्या आधारे वेगवेगळ्या जाती ठरल्या, आणि उत्तर सह्याद्रीतल्या हरणटोळाला अहेतुल्ला बोरिआलिस हे स्वतंत्र नाव मिळालं.

रात्री नऊच्या सुमारास पाऊस ओसरला आणि आवाज सुरू झाले. टिक्, टिक्, टिक्. दगडावर नाणं आपटावं तसे. झुडूपबेडूक.

हा आवाज ऐकून त्याच्यामागे धावणारा माणूस हमखास चुकतो. प्राणी दोन-अडीच सेंटीमीटरचा, रुपयाच्या नाण्यावर मावेल एवढा, आणि त्याचा तुटक, उंच पट्टीतला आवाज चारी बाजूंनी आल्यासारखा वाटतो. जवळ गेलं की तो गप्प होतो. आम्ही वापरतो ती युक्ती अशी. दोघांनी दहा-बारा पावलांचं अंतर ठेवून उभं राहायचं, बॅटऱ्या विझवायच्या आणि डोळे मिटून ऐकायचं. प्रत्येकानं आवाजाच्या दिशेनं हात करायचा. मग दोन्ही हातांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बॅटरी लावायची. तिसऱ्या प्रयत्नात भाचीला तो सापडला. कारवीच्या पानावर, गळ्याखालची पिशवी फुग्यासारखी फुगवून बसलेला नर. मादी निवड करते, नर ओरडतो, आणि ओरडणाऱ्याचा पत्ता मादीबरोबर सापालाही कळतो. म्हणूनच तो पावलांच्या चाहुलीनं थांबतो.

या बेडकांबद्दल मला सर्वांत नवल वाटतं ते त्यांच्या बाळपणाचं. शाळेत आपण शिकतो, की अंड्यातून शेपटीवाला बेडूकमासा निघतो, पाण्यात वाढतो आणि मग त्याला पाय फुटतात. राओर्चेस्टेस या गटातल्या झुडूपबेडकांत हा टप्पा पाण्यात होतच नाही. मादी ओल्या पाचोळ्यात किंवा पानांवर मोजकी अंडी घालते, सगळी घडण अंड्यातच पार पडते आणि बाहेर येतो तो चार पायांचा चिमुकला बेडूक. त्याला तळं लागत नाही, डबकं लागत नाही. मात्र हवा काही आठवडे सतत ओली लागते. जंगल विरळ झालं, ऊन जमिनीपर्यंत पोचलं, की अंडी सुकतात. तळं वाचवून हा बेडूक वाचत नाही. झाडांची सावली वाचवावी लागते.

याच गटातल्या एका जातीचं नाव आहे राओर्चेस्टेस घाटेई. पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. हेमंत घाटे यांच्या सन्मानार्थ ते २०१३ साली दिलं गेलं आणि वर्णन करणाऱ्यांत गरवारे कॉलेजचे डॉ. आनंद पाध्ये होते. मला याचा अभिमान वाटतो. कर्वे रोडवर बसमधून जाताना दिसणाऱ्या इमारतीतल्या माणसांनी पावसात उभं राहून, आवाज ध्वनिमुद्रित करून, हाडं आणि जनुकं तपासून, जगाला माहीत नसलेला प्राणी ओळखून काढला. २०१४ साली पाध्ये आणि सहकाऱ्यांनी आंबोलीहून वर्णिलेल्या बेडकाचं नाव तर मराठी वाचकाला लगेच उमगेल: इंडिराना चिरावासी. चिऱ्यांच्या फटींत वस्ती करणारा.

झुडूपबेडकांचा रंग बघून जात ठरवू नये, हे इथेच सांगते. एकाच जातीत पिवळट, तपकिरी, पाठीवर रेघ असलेले आणि नसलेले असे सगळे नमुने निघतात. आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला तर तज्ज्ञाला फोटोपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

ओढ्याच्या काठी वेगळीच मंडळी. पाण्यावर झुकलेल्या पानांवर पारदर्शक अंड्यांचे पुंजके दिसले, तर ते रातबेडकांचे असण्याची शक्यता मोठी. पिल्लं तयार झाली की थेंबासारखी खाली पाण्यात पडतात. यांतल्या बॉम्बे रातबेडकाचं मीलन २०१६ साली जगभर गाजलं. बेडकांच्या सुमारे सात हजार जातींत नर मादीला धरण्याच्या सहाच पद्धती माहीत होत्या. हा नर मादीला धरतच नाही. तिच्या पाठीवर बसतो, हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो, शुक्राणू तिच्या पाठीवर सोडतो आणि ती अंडी घालायच्या आधीच उतरून जातो. शुक्राणू ओघळून अंड्यांपर्यंत पोचतात. सातवी पद्धत, तीही महाराष्ट्रातल्या ओढ्याकाठी. या जातीत मादीसुद्धा आवाज काढते आणि बेडकांमध्ये ते दुर्मीळ आहे. हे समजायला माणसांना कित्येक रात्री पाण्यात उभं राहावं लागलं.

साडेदहाला मामांनी हात आडवा धरला. गुडघ्याएवढ्या झुडपावर चापडा हा विषारी साप होता. हिरवा, त्रिकोणी डोक्याचा, पूर्ण स्थिर. आम्ही दोन मीटरवर थांबलो आणि तिथूनच पाहिलं. चापडा भक्ष्यामागे पळत नाही. ओढ्याजवळची जागा धरून वाट बघत राहतो. मामा म्हणाले, "काल पण हितंच होता."

त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक खळगा असतो. त्यात ताणून बसवलेला पातळ पडदा उष्णता टिपतो, त्यामुळे मिट्ट काळोखातही उंदराची ऊब त्याला कळते. २०१०च्या संशोधनात, अमेरिकेतल्या खुळखुळ्या सापावर काम करताना, या पडद्याच्या चेतापेशींत टीआरपीए-१ नावाचं प्रथिन सापडलं. हेच प्रथिन आपल्या नाकातही आहे. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जी झणझणी उठते, ती याच प्रथिनाची करामत. आपल्याला मोहरीची खबर देणारा रेणू सापाला उंदराची देतो.

एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. भारतात मिळणारं सर्पदंशावरचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून तयार होतं. चापड्याच्या दंशावर त्याचा भरवसा नसतो. उंच बूट घाला, बघितल्याशिवाय हात कुठेही टेकवू नका, आणि दंश झालाच तर कापणं-बांधणं न करता थेट रुग्णालय गाठा. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे साप हाताळणं गुन्हाही ठरू शकतं. फोटोसाठी काडीनं साप हलवणारी माणसं मला या वाटांवर भेटली आहेत आणि प्रत्येक वेळी मी त्यांना अडवलं आहे.

बेडकालाही हात लावू नये, कारण वेगळं. जळवांसाठी पायाला चोळलेलं मीठ, तंबाखूचं पाणी, डासांचं मलम हे सगळं त्याच्या कातडीतून थेट आत जातं. शिवाय कायट्रिड नावाची बुरशी. बेडकांच्या कातडीत वाढणाऱ्या या बुरशीमुळे जगभरात ५०१ जातींची संख्या घटली आणि त्यांपैकी ९० बहुधा नामशेष झाल्या, असं २०१९च्या एका मोठ्या अभ्यासाचं मोजमाप आहे. सह्याद्रीतही तिची नोंद झाली आहे, सुदैवानं इथे तसे सामूहिक मृत्यू दिसलेले नाहीत. म्हणून एका ओढ्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट घासून, निर्जंतुक करून, वाळवायचे. कंटाळवाणं काम आहे, पण मी ते चुकवत नाही.

रात्रीचा शेवटचा तास देवगांडुळासाठी ठेवला होता. अंगावर वळ्या, पाय नाहीत, लोक गांडूळ समजतात किंवा साप समजून मारतात. तो उभयचर आहे, म्हणजे बेडकाच्या गोतावळ्यातला. त्याला जबडा आहे, दात आहेत, कातडीखाली दडलेले डोळे आहेत आणि डोळा व नाकपुडीच्या मधोमध एक इवलीशी स्पर्शिका, जी दुसऱ्या कुठल्याही उभयचराला नसते. यांपैकी इंडोटायफ्लस बॅटर्सबाय ही जात १९६० साली शास्त्राला कळली ती आपल्या खंडाळ्यामुळे. पुण्याहून मुंबईला जाताना आपण जिथे चिक्की घेतो, तिथल्या मातीतला प्राणी.

त्याला शोधायचं तर ओल्या, भुसभुशीत मातीवरचे दगड उलटावे लागतात. दगड आपल्याकडे ओढून उचलायचा, म्हणजे खाली काही असेल तर आपल्यामध्ये आणि त्याच्यामध्ये दगडाची आड राहते. बघायचं आणि होता तसाच, त्याच खाचेत, हळू ठेवायचा. त्या दगडाखालची ओल जमायला अनेक पावसाळे लागलेले असतात. त्याच मातीत खापरखवल्या सापही असतात, शेपटीच्या खरबरीत टोकावर माती चिकटवून बिळाला बूच मारणारे. त्यांच्यातल्या एका काळ्या जातीला २०१६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभारणाऱ्या नीलिमकुमार खैरे यांचं नाव दिलं गेलं.

आम्हाला देवगांडूळ सापडलं नाही, खापरखवल्याही नाही. भाची हिरमुसली. "मावशी, म्हणजे इथे नाहीतच ना?"

मग गाडीत बसून, टपटपणाऱ्या पावसात, तिच्याच वहीत हिशेब मांडला. समज, एखादा प्राणी या जागेत नक्की आहे आणि एका रात्रीत तो दिसण्याची शक्यता १० पैकी ३ आहे. म्हणजे न दिसण्याची ०.७. दोन रात्री न दिसण्याची ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९. पाच रात्री रिकाम्या हातानं परतलो तरी ०.१७ उरतात. म्हणजे तो इथे असूनही पाच रात्रींत एकदाही न दिसण्याची शक्यता जवळजवळ १७ टक्के. दहा रात्रींनंतर ती ३ टक्क्यांच्या खाली येते. एका रात्रीचं शून्य काहीच सिद्ध करत नाही. पण ते लिहिलंच नाही, तर दहा रात्रींचा हिशेब कधीच मांडता येत नाही. किती जणांनी, किती वेळ, कुठे शोधलं, हेही लिहावं लागतं. तिघांनी तीन तास म्हणजे नऊ माणशी तास. त्याशिवाय गेल्या वर्षीच्या आकड्याशी यंदाचा आकडा जुळवता येत नाही.

परतताना रस्त्यावर ठिकठिकाणी भेक, म्हणजे खरबरीत कातडीचे बेडूक, बसलेले होते. दोनदा गाडी थांबवून, उतरून, ते बाजूला होईपर्यंत उजेड धरून उभे राहिलो. भाची मागच्या सीटवर वही घेऊन बसली होती. पौडला चहाला थांबलो तेव्हा शेवटची ओळ वाचली. "देवगांडूळ: ०. खापरखवल्या: ०. उलटलेले दगड: १४. जागेवर ठेवलेले दगड: १४."