पार्श्वभूमी : मिशन बंगल्यातली मुले आणि १८५३ चा आदेश

आफ्रिकेच्या खेड्यापाड्यांत राहिलेल्या मिशनरी कुटुंबांचा विषय निघाला की बोलणे लगेच धर्मांतर, शाळा आणि दवाखाने यांवर जाते. त्या घरांत मुले कशी वाढली, किंवा कशी वाढू दिली गेली नाहीत, हे मागेच राहते. घानातल्या आक्वापिम डोंगररांगेवरचे आक्रोपाँग हे गाव त्यासाठी पाहायला हवे. तिथे काम करणारे मिशन स्वित्झर्लंडच्या बासेल शहरातले. आपल्याकडे मंगळूर, धारवाड, हुबळीलाही तेच होते. कोकणातल्या जुन्या घरांवरची मंगळुरी कौले घडवण्याचा कारखाना मंगळुरात पहिल्यांदा काढला तोही त्यांनीच, १८६५ मध्ये. म्हणजे मिशनऱ्यांची लहान मुले युरोपात पाठवण्याचा १८५३ चा आदेश काढून मिशनच्या ज्या समितीने आक्रोपाँगच्या मुलांचे भवितव्य ठरवले, तिचे हात आपल्या अंगणापर्यंत पोचलेले होते.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो, कारण त्यात कुटुंब नव्हतेच. १८२८ च्या डिसेंबरात चार तरुण किनाऱ्यावर उतरले. वर्ष उलटायच्या आत तिघे गेले, चौथा १८३१ मध्ये. १८३२ मध्ये आणखी तिघे आले, त्यातले दोघे काही आठवड्यांतच वारले. उरलेल्या एकाला स्थानिक वैद्याने वाचवले. १८३५ मध्ये तो आक्रोपाँगच्या डोंगरावर चढला आणि स्वतःचे घर बांधू लागला, म्हणून लोकांनी त्याला ‘ओसियादान’ म्हणजे घर बांधणारा असे नाव दिले. पुढच्याच वर्षी त्याने लग्न केले. त्या गावातल्या मिशनरी संसाराचा आरंभ तो.

खरा पाया १८४३ मध्ये पडला. काळा माणूस हे पुस्तक (बायबल) वाचताना दाखवा, मग आम्ही विचार करू, अशा अर्थाचे आक्वापिमच्या राजाचे म्हणणे होते. त्यामुळे समितीने जमैका आणि अँटिग्वातून चोवीस कृष्णवर्णीय ख्रिश्चन आणले. त्यात सहा जोडपी होती आणि त्यांची मुलेबाळे. पाच वर्षांनी परत जायचे असेल तर भाडे मिशन देईल, असा करार होता. काही परतले, बरेच राहिले. त्यांनी बरोबर आणलेल्या रोपांत आंबाही होता.

घर या शब्दाचा अर्थ इथे जरा थांबून पाहावा लागतो. आक्रोपाँगच्या आकान समाजाच्या घरांत वंश आईकडून चाले. नवरा-बायको पुष्कळदा आपापल्या माहेरच्या वाड्यात राहत. संध्याकाळी बायको रांधून मुलांच्या हाती नवऱ्याच्या घरी जेवण पाठवी. वारसा बहिणीच्या मुलाकडे जाई. मिशनने गावाबाहेर ‘सालेम’ नावाची वस्ती वसवली आणि तिथे बाप, आई, मुले एका छपराखाली राहतील अशी घरे बांधली. एकत्र राहणारे कुटुंब हाच ख्रिस्ती जीवनाचा नमुना म्हणून शिकवले गेले. हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण ज्यांनी हा नमुना घालून द्यायचा होता, त्यांच्याच घरातून मुले काढून घेतली गेली.

लग्नसुद्धा समितीच्या मंजुरीने व्हायचे. मिशनऱ्याने पहिली दोन वर्षे अविवाहित काढायची, मग अर्ज करायचा. होकार आला की दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गच्या धर्मशील घरांतून मुलगी शोधली जाई. कित्येकींनी नवऱ्याला आधी पाहिलेलेही नसायचे. किनाऱ्यावरच्या अक्राला बंदर नव्हते. जहाज लांब नांगर टाकून उभे राही आणि गा जमातीचे नावाडी लाटा फोडत होड्या घेऊन येत. पुढच्या काळात बायकांना लाकडी खुर्चीत बसवून ती खुर्ची दोराने खाली हेलकावणाऱ्या होडीत सोडत. अनेकींना नवरा पहिल्यांदा दिसला तो या प्रवासाच्या शेवटी, आणि लग्न लागले ते लगेचच. मग झोळीतून पन्नासेक किलोमीटर वर डोंगरात. हमालांच्या डोक्यावर तिच्या पेट्या.

परवानगीशिवाय लग्न केले तर काय होई, याचे एक उदाहरण १८५१ चे आहे. अंगोलाच्या किनाऱ्यावरून लहानपणी पळवलेली एक मुलगी, तिचे गुलामवाहू जहाज जमैकाजवळ फुटल्यामुळे वाचली, तिथेच शिकली आणि १८४३ च्या गटाबरोबर शिक्षिका म्हणून आली. पहिल्या नवऱ्यापासून घटस्फोट झाल्यावर तिने एका जर्मन मिशनऱ्याशी लग्न केले. समितीला न विचारता. समितीने लग्न मान्य केले, पण अट घातली : त्याने बायकोमुलांना युरोपात आणायचे नाही, त्याला यापुढे युरोपचा नागरिक धरले जाणार नाही. किनाऱ्यावरच्या ओसू इथल्या मुलींच्या शाळेचा कणा असलेल्या बाईविषयी हा निर्णय होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये, तो आदेश निघाला ज्यावर आजही मतभेद आहेत. मिशनऱ्यांच्या मुलांनी शाळेच्या वयाला येताच, म्हणजे साधारण सहा-सात वर्षांची झाली की, युरोपात यायचे. त्यांच्यासाठी बासेलमध्ये बालगृह उघडले गेले. आईने नवऱ्यासोबत राहायचे. मुले पाठवण्याची चाल आधीही होती. मल्याळमचा मोठा शब्दकोश करणाऱ्या मिशनऱ्याची १८४२ मध्ये तलश्शेरीला जन्मलेली मुलगी अगदी लहानपणी युरोपात ठेवली गेली होती आणि आईवडिलांकडे परतली ती १८५७ मध्ये. (पुढे तिचा मुलगा जर्मन कादंबरीकार झाला, त्याला नोबेल मिळाले.) पण चाल वेगळी आणि आदेश वेगळा. चालीत आईबापांना नाही म्हणता येते.

आदेशाच्या बाजूने सांगितले जाते ते हवामानाचे कारण. ते खोटे नाही. किनाऱ्यावरच्या थडग्यांत लहान मुलांची थडगी कमी नाहीत, आणि क्विनाइन हे मलेरियावरचे औषध आधीच घेतले तर ताप टळतो हे नायजर नदीवरच्या मोहिमेने दाखवले ते १८५४ मध्ये. ज्यांनी तीन-तीन पोरे मातीत घातली, त्यांना चौथे दूर धाडणे म्हणजे ते वाचवणेच वाटले असेल. शिक्षणाचीही खरी अडचण होती.

तरीही हवामानाने सगळा उलगडा होत नाही. हाच आदेश हिंदुस्थानातल्या ठाण्यांनाही लागू होता. उटीजवळच्या केटीला, निलगिरीच्या थंड हवेत, याच मिशनचे ठाणे होते. तिथल्या मुलांना कोणत्या उन्हापासून वाचवायचे होते? आक्रोपाँगही किनाऱ्यापेक्षा उंचावरचे आणि गार. १८८५ मध्ये त्याच डोंगररांगेवरच्या आबुरीला मिशनचा डॉक्टर आला, नियमित क्विनाइनचा आग्रह धरू लागला. १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. मुले पाठवण्याची प्रथा मात्र पहिल्या महायुद्धापर्यंत सुरूच राहिली.

दुसरे कारण भाषेचे होते, आणि माझ्या मते तेच मोठे. आई मुलींच्या शाळेत गुंतलेली. मूल दिवसभर दाईच्या पाठीवर, कापडाने घट्ट बांधलेले. त्याचे पहिले शब्द ट्वी किंवा गा भाषेतले, खेळगडी अंगणातले. जर्मन ही त्याची दुसरी भाषा. समितीला आणि बऱ्याच आईबापांनाही याचीच धास्ती होती : मूल इथलेच होऊन जाईल. व्हरांड्यात काढलेल्या त्या काळच्या कुटुंबांच्या फोटोंत कडेला बाळ घेतलेली एक आफ्रिकन मुलगी अनेकदा दिसते. फोटोखाली सगळ्यांची नावे असतात, तिचे नसते. जिच्यापासून मुलाला दूर करायचे ठरले, ती हीच होती.

सहाव्या वर्षी गेलेले मूल आईला पुन्हा दिसे ते आठ-दहा वर्षांनी, क्वचित कधीच नाही. मधल्या काळात ट्वी विसरलेली असे. मागून जन्मलेली भावंडे एकमेकांना पत्रातून ओळखत. १८५० च्या दशकात आगबोटी सुरू झाल्या, टपाल लवकर येऊ लागले, पण नुकते लिहायला शिकलेल्या मुलाच्या चार ओळींत आईने काय काय शोधायचे?

विसाव्या शतकात इतर मिशनांनी उत्तर बदलले. शाळाच आफ्रिकेत आणली. केनियातल्या किजाबे इथे १९०६ मध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृहाची शाळा सुरू झाली, १९०९ मध्ये तिथे एका माजी अमेरिकी राष्ट्राध्यक्षाने कोनशिला बसवली. आपल्याकडे कोडाईकनालची शाळा १९०१ ची, त्याच विचारातली. समुद्र ओलांडणे वाचले, पण सहा-सात वर्षांचे मूल घराबाहेर हे सूत्र तसेच राहिले. गिनीतल्या अशाच एका वसतिगृहात मुलांचा छळ आणि लैंगिक शोषण झाल्याचे १९९० च्या दशकातल्या स्वतंत्र चौकशीत सिद्ध झाले. तिथे शिकलेले विद्यार्थी तेव्हा मध्यमवयीन होते. त्यांच्यापैकी अनेकांनी तोवर आईवडिलांनाही काही सांगितलेले नव्हते. देवाच्या कामात अडथळा नको, असे शिकवलेले होते.

अशा मुलांना, जी धड आईवडिलांच्या देशाचीही नसतात आणि जिथे वाढली तिथलीही नसतात, आज ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ म्हणतात. ही संज्ञा १९५० च्या दशकात हिंदुस्थानात राहणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास करायला आलेल्या एका समाजशास्त्रज्ञ दांपत्याच्या कामातून आली. ती सोयीची आहे, पण तिच्यात दाई कुठेच बसत नाही.

आक्रोपाँगमध्ये एक गोष्ट शेजारी शेजारीच घडली. १८५३ चा आदेश युरोपियनांच्या मुलांसाठी होता. जमैकन कुटुंबांची मुले आईबापांजवळ राहिली, ट्वी बोलत मोठी झाली, तिथेच शिकली. १९१७ च्या डिसेंबरात युद्धामुळे ब्रिटिशांनी जर्मन मिशनऱ्यांना वसाहतीतून बाहेर काढले. १९१८ मध्ये चर्चने स्वतःचा कारभार हाती घेतला, तेव्हा पहिला मुख्य चिटणीस झाला तो १८६२ मध्ये आबुरीत जन्मलेला, एका जमैकन मिशनऱ्याचा मुलगा. त्याने ते पद १९३२ पर्यंत सांभाळले.