डिझेल बाहेर गळत नाही म्हणून पाइप चांगला, असं कोणी सांगितलं?

गोव्यात उसगाव, धारबांदोडा, सावर्डे, कुडचडे या खाणपट्ट्यात कधी फिरलात तर घराच्या बाजूला माडांखाली उभे असलेले जुने टिपर दिसतील. 2012 साली खाणी बंद पडल्या, मधे थोड्या चालल्या, 2018 च्या मार्चमध्ये परत बंद, त्यात कितीतरी गाड्या वर्षानुवर्षं जागच्या हलल्या नाहीत. आता लिलाव होऊन काही खाणी सुरू झाल्यात, चिऱ्यांची आणि रेतीची भाडी तर आहेतच, त्यामुळे लोक या गाड्या धुऊनपुसून परत रस्त्यावर काढतायत. आणि तक्रार बहुतेकांची एकच, रिकामी गाडी मस्त पळते पण लोड घातला आणि अनमोड घाटाचा चढ लागला की मिसिंग मारायला लागते (म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये मधेच डिझेल पेटत नाही आणि इंजिन अडखळतं), पिकअप जातो, दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर यावं लागतं. चहाच्या गाड्यावर निदान दोन मिनिटांत होतं: "इंजिन बसलं रे, बोअर-पिस्टन करून टाक." म्हणजे इंजिन उघडून सिलेंडर-पिस्टनचं काम, लाखभराचा खर्च, आणि तो केल्यावरही मिसिंग तशीच राहिली अशी उदाहरणं आपल्याकडे काही कमी नाहीत.

बोअर-पिस्टन खराब होत नाही असं माझं म्हणणं नाही, होतं. पण जुन्या पंप-नोझलच्या गाडीत (पंप डिझेल दाबतो, नोझल ते सिलेंडरमध्ये फवारतो) त्याआधी संशय घ्यावा अशी एक गोष्ट आहे जी दिसत नाही, गळत नाही, वास येत नाही. ती म्हणजे हवा.

आधी थोडं बेसिक. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, तरी "प्लग साफ कर" असा सल्ला देणारे ट्रकवाल्यांनाही भेटतात. इथे पिस्टन नुसती हवा दाबतो, सतरा-अठरा पट, आणि दाबल्यामुळे ती 500 अंशांच्या वर तापते. डिझेल सव्वादोनशे अंशांच्या आसपास आपोआप पेटतं, त्यामुळे त्या तापलेल्या हवेत ते बारीक फवाऱ्याने मारलं की काम झालं. रुडॉल्फ डिझेलला याचं पेटंट 1893 मध्ये मिळालं आणि चालणारं इंजिन 1897 मध्ये. पण फवारा मारायचा कसा हे त्यालाही नीट सुटलेलं नव्हतं, तो कॉम्प्रेसरच्या हवेने डिझेल आत फुंकायचा, त्यामुळे इंजिनाबरोबर एक मोठा कॉम्प्रेसर आलाच. ट्रकच्या बॉनेटखाली बसेल असा पंप कारखान्यातून यायला 1927 उजाडलं, तो बॉशचा. आपल्या जुन्या गाड्यांत जो लांबट पंप असतो, एका रांगेत प्रत्येक सिलेंडरला एकेक प्लंजर (डिझेल ढकलणारा दांडा), तो त्याच वंशातला.

हा पंप म्हणजे माझ्या मते यंत्रशास्त्रातली एक कमाल गोष्ट आहे, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. सहा सिलेंडरचं साडेपाच-सहा लिटरचं इंजिन घ्या. फुल लोडवर एका सिलेंडरला एका वेळी डिझेल किती लागतं? साधारण 60 ते 70 घन मिलीमीटर. म्हणजे मोठासा एक थेंब, बस. हा थेंब 2000 आरपीएमला सेकंदाला सोळा-सतरा वेळा मोजून द्यायचा, दर वेळी दोनेक मिलिसेकंदांत, आणि तोही साधारण 200 बार दाबाने, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दोनशे पट, कारण नोझलच्या आतली सुई स्प्रिंगने घट्ट बसलेली असते आणि तेवढा दाब आल्याशिवाय ती उठतच नाही. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल यांच्यात रबर नाही, रिंग नाही, नुसता दोन-तीन मायक्रॉनचा गाळा, आपला केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो.

आता यात हवेचा बुडबुडा आला तर काय होतं बघा. इंजेक्शनची साधी सिरिंज घ्या, सुई काढा, पाणी भरून तोंडावर अंगठा दाबा आणि दांडा ढकला, हलत नाही. आता हवा भरून तेच करा, दांडा अर्ध्यापर्यंत सहज जातो. डिझेल 200 बारला एक-दीड टक्का आकसतं, हवा मात्र पार चिमूट होते. म्हणजे समजा पंपात 50 घन मिलीमीटरचा, मुगाएवढा बुडबुडा आला. प्लंजर त्या वेळी ढकलणार 65 घन मिलीमीटर. त्यातले जवळजवळ 49 तर बुडबुडा चेपण्यातच गेले. राहिले 16, आणि नोझलपर्यंतच्या दोन मिलीमीटर भोकाच्या लांब पाइपमधलं डिझेल स्वतः आकसतं त्यात ते पण खपतात (पाइपमध्ये पंपाच्या तोंडावरच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हने थोडा दाब धरून ठेवलेला असतो म्हणून हा हिशोब तंतोतंत असा नाही, पण अंदाज यावा). दाब 200 ला पोचत नाही, सुई उठत नाही, त्या सिलेंडरला त्या फेरीत डिझेलच मिळत नाही. पिस्टन ठीक, रिंगा ठीक, नोझल ठीक, पंपही ठीक, आणि तरी मिसिंग.

बरं, हवा येते कुठून? इथेच लोक फसतात. टाकी चॅसीला खाली, पंप वर, त्यामुळे टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतलं डिझेल मोठ्या पंपाकडे पोचवणारा छोटा पंप) पाइप डिझेल ओढून घेतो, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. या भागात भेग असली तर डिझेल बाहेर येणार नाही, हवा आत जाणार. फीड पंपाच्या पुढे दाब एक-दीड बार, तिथे गळती झाली तर ओलं दिसतं, लगेच कळतं. मागच्या बाजूची गळती कोरडी. मेकॅनिक खाली वाकून बॅटरी मारून बघतो, "सगळं कोरडं आहे पात्रांव (मालक)," आणि गाडी जाते पंपवाल्याकडे.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीत रबरी पाइप कडक होतो, क्लिपखाली बारीक चिरा पडतात, तांब्याचा वॉशर दहा वेळा घट्ट करून चपटा झालेला असतो, फिल्टरच्या वाटीचं पॅकिंग सुकतं. आणि सगळ्यात चकवणारा प्रकार म्हणजे टाकीच्या आतला उभा पाइप मध्येच कुजतो. मग टाकी फुल असताना गाडी लोण्यासारखी, अर्धी झाली की मिसिंग, कारण भोक डिझेलच्या वर उघडं पडतं, आणि चढावर डिझेल एका बाजूला सरकलं की ते अजून लवकर. चढावर, लोडवर इंजिन डिझेल जास्त मागतं, ओढ वाढते, हवा जास्त येते. आणि रात्रभर उभी राहिली की डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं, म्हणून सकाळी स्टार्ट व्हायला कुथते. ही लक्षणं एकत्र दिसली तर बोअर-पिस्टनचं नाव काढू नका.

ओळखायचं कसं? मिसिंग एकाच सिलेंडरची आहे की फिरती आहे हे आधी बघा. इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करतात, सिलेंडर काम करत असेल तर आवाज लगेच पडतो, नसेल तर काहीच फरक नाही. दर वेळी तोच सिलेंडर मेलेला निघाला तर नोझल, डिलिव्हरी व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन (पिस्टनने हवा दाबून येणारा दाब). आज एक, उद्या दुसरा असं होत असेल तर हवा किंवा पाणी, कारण बुडबुडा पंपात कुठल्या प्लंजरच्या वाटेला जाईल याचा नेम नाही. हे काम हात लांब ठेवून करायचं, तो फवारा कातडीत घुसतो आणि आतलं मांस सडवतो, ऑपरेशनच करावं लागतं. आणि कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं अशा) नव्या गाड्यांना तर हात लावूच नका, तिथे दाब हजार बारच्या पुढे असतो.

फिरती मिसिंग असली की मग कॅन. स्वच्छ डिझेल भरलेला पाच लिटरचा कॅन इंजिनापेक्षा उंच, नीट बांधून, त्याचा पारदर्शक पाइप थेट फीड पंपाच्या तोंडाला, टाकी आणि जुना पाइप दोन्ही बाजूला. सगळी हवा हँड प्रायमरने (हाताने दाबायच्या पंपाने) काढा, फिल्टरच्या ब्लीड स्क्रूतून (हवा सोडायचा स्क्रू) फेस थांबून सलग डिझेल येईपर्यंत, आणि लोड घालून चढ चढवून बघा. मला ही युक्ती फार आवडते, कारण डिझेल आता वरून स्वतःच्या वजनाने येतंय, ओढ उरलीच नाही. गाडी सरळ चढली तर दोष मागच्या बाजूला आहे हे सिद्ध. मग जुना पाइप दोन्हीकडून सोडा, एक तोंड बंद करा, दुसरीकडून सायकलच्या पंपाने हळू हवा भरा, सांध्यांवर साबणाचं पाणी, जिथे फुगे येतील तिथे भोक.

मध्येच एक सांगतो, सध्या मोबाइलवर डिझेल पाइपला लोहचुंबक बांधायचे व्हिडिओ फिरतायत, "डिझेलचे अणू सरळ होतात, पिकअप डबल". डिझेल लोखंड नाही, चुंबकाला ते जवळजवळ दादच देत नाही, आणि बुडबुड्याला तर त्याचं काहीच सोयरसुतक नाही. बंपरला लिंबू-मिरची बांधा, निदान दहा रुपयांत भागतं आणि कोणी त्याला टेक्नॉलॉजी म्हणत नाही.

पाण्याचंही थोडक्यात सांगतो, कारण आपल्या पावसात ते टळत नाही. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री थंड होते, दमट हवा आत घेते, आणि पाणी जड म्हणून तळाला. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरावर एक बुरशी वाढते, तिचा शेवाळासारखा चिकट गाळ फिल्टर बंद करतो, फिल्टर बंद म्हणजे लोडवर उपासमार. नुसता फिल्टर बदलून महिन्याभरात परत तेच होणार, टाकी उतरवून आतून साफ करावीच लागते. काळा धूर असेल तर एअर फिल्टर बघा, खाणीच्या रस्त्याची ती लाल धूळ त्यात किती बसते ते काही नवीन सांगायला नको.

आणि कॅन लावूनही चढावर गाडी तशीच मेली, फिल्टर नवा, मिसिंग ठरावीक एकाच सिलेंडरची, तर तो नोझल शेजारच्या सिलेंडरच्या नोझलशी अदलाबदल करा. मिसिंग नोझलबरोबर सरकली तर नोझल टेस्टिंगला द्या. तिथेच राहिली तर कॉम्प्रेशन गेज लावून आकडा घ्या, आणि तो आकडा बाकीच्या पाचांपेक्षा बराच खाली असेल तर, हो, आता हेड उघडायला हरकत नाही.