एटीव्हीवरील बॅटरीचे स्थानांतर

एटीव्हीची (क्वाड बाईकची) बॅटरी कारखान्याने दिलेल्या खणातून काढून चासीवर दुसरीकडे बसविण्याचा फेरबदल. मूळ खण बहुधा सीटखाली असतो. तेथून ती पुढच्या कॅरिअरवरील बंद डब्यात, हँडलखालच्या पोकळीत किंवा मागे उंचावर नेली जाते.

या प्रथेचा उगम दोन दिशांनी सांगितला जातो. एक दिशा शर्यतीची : वजन पुढे सरकविणे आणि मोठ्या एअरबॉक्ससाठी (इंजिनाच्या हवेच्या गाळणीच्या डब्यासाठी) जागा करणे. दुसरी चिखलाची : अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः लुइझियाना व टेक्सासमध्ये, सीटपर्यंत पाण्यात गाडी घालणारे चालक रेडिएटर उचलून कॅरिअरवर बसवितात, हवेची नळी वर काढतात आणि त्याच ओघात बॅटरीही हलवितात. वाहनांचा इतिहास पाहता दुसरे मत अधिक पटणारे आहे. 1970 मध्ये अमेरिकेत आलेली होंडाची तीनचाकी एटीव्ही यूएस 90 दोरी ओढून सुरू होई. शर्यतीत गाजलेल्या होंडा टीआरएक्स 250 आर (1986–89) व यामाहा बान्शी (1987 पासून) या किकच्या गाड्या. त्यांत बॅटरी नव्हतीच, मग हलविणार काय? सेल्फ आला तो आधी कामाच्या गाड्यांना, उदा. होंडाची 1982 ची ‘बिग रेड’. खेळाच्या गाड्यांत तो होंडा 400 ईएक्स (1999) आणि यामाहा रॅप्टर 660 (2001) यांच्या सुमारास रुळला. शर्यतीतील स्थानांतर त्यामुळे बहुधा नंतरचे असावे.

तांत्रिक बाजूचा गाभा म्हणजे केबलची लांबी. सेल्फ 100 अँपिअर ओढतो असे धरू. धन व ऋण केबल प्रत्येकी 1 मीटरने वाढविल्या, तर 16 चौ. मिमी. तांब्याच्या केबलमध्ये सुमारे 0.2 व्होल्ट जादा घट होते, 6 चौ. मिमी.मध्ये ती 0.6 च्या आसपास जाते. थकलेल्या बॅटरीला एवढेही पुरते : बटण दाबले की इंजिन फिरत नाही, नुसती रिलेची (सेल्फला वीज जोडणाऱ्या विद्युत स्विचची) ‘टक्-टक्’ ऐकू येते आणि दोष बॅटरीवर जातो. बारीक तारांची, लवचीक वेल्डिंग केबल या कामी चांगली. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त असतो.

ऋण केबल चासीला की थेट इंजिनला, याबाबत कारागिरांत मतभेद असतात. सेल्फचा परतीचा प्रवाह त्याच्या अंगातून इंजिनात येतो आणि इंजिन पुष्कळदा रबरी बुशांवर असते. म्हणून थेट इंजिनला जोडणे बरे. चासीला जोडायचेच असेल, तर बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करावा लागतो. पावडर कोटिंगवरून आवळलेला बोल्ट घट्ट दिसतो, पण अर्थिंग देत नाही.

स्टार्टर रिलेही बॅटरीसोबत न्यावी काय, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. सेल्फच्या जाड केबलला सहसा फ्यूज नसतो. रिले मूळ जागी ठेवल्यास वाढीव धन केबलमध्ये सदैव वीज राहते; ती टाकीखालून जाताना चासीला घासून सोलली, तर ठिणगी पेट्रोलशेजारी पडते. रिले बॅटरीजवळ नेल्यास लांब केबलमध्ये फक्त सेल्फ मारताना वीज येते. मात्र अनेक जपानी गाड्यांत मुख्य फ्यूज रिलेवरच असतो, त्यामुळे चार्जिंगची वायरही लांबवावी लागते. काम वाढते, तरी दुसरा मार्ग सुरक्षित.

पातळ आम्लाच्या जुन्या बॅटरीला उभी जागा व वाफ बाहेर नेणारी नळी आवश्यक. सीलबंद एजीएम बॅटरी (हिच्यात आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेले असते) आडवी चालते, उलटी नव्हे. 12 अँपिअर-तासांची अशी बॅटरी 4 किलोच्या आसपास भरते. तिच्या जागी बसणारी लिथियम-लोह-फॉस्फेट दीड किलोच्या आत. त्यामुळे निव्वळ वजनासाठी जागा बदलण्याचे कारण उरत नाही.

कोकण किनाऱ्यावर पर्यटकांसाठी भाड्याने चालणाऱ्या एटीव्हींना चिखलापेक्षा खाऱ्या हवेचा त्रास अधिक. तेथे टर्मिनलला ग्रीस लावणे हाच मुख्य उपाय. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘एटीव्ही’ म्हणजे अनेकदा विद्यार्थ्यांनी वाहन बनविण्याच्या बाहा एसएई-इंडिया स्पर्धेची एकआसनी बग्गी. विद्युत गट वगळता तिचे इंजिन दोरी ओढूनच सुरू होते.